रात्रीचं बीपी: कसं मोजावं, रिपोर्ट कसा वाचावा आणि हृदयावरचा ताण कसा ओळखावा

दवाखान्यात बीपी १३०/८०, घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ तेवढंच, गोळी रोज वेळेवर. तरीही टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड झालेली दिसते, जिना चढताना दम लागतो, किंवा लघवीतून प्रथिन जाऊ लागतं. असं कोडं पडलं की दिवसाच्या आकड्यांत उत्तर शोधत बसण्यात वेळ जातो. आधी रात्र तपासायला हवी.

सात तासांच्या झोपेत, मिनिटाला ६० ठोके धरले, तरी हृदय २५,२०० वेळा आकुंचन पावतं. निरोगी माणसात या वेळी दाब दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला काम थांबवता येत नाही, पण ओझं हलकं होतं, आणि तीच त्याची विश्रांती. दाब उतरलाच नाही तर ते हजारो ठोके दिवसाच्या ओझ्यासकट मारावे लागतात. बीपी असणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा बिघाड होईल का, याचा अंदाज दवाखान्यात एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा झोपेतल्या सरासरी दाबावरून जास्त चांगला येतो.

कोणी तपासून घ्यावं

बीपी असणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी लगेच लागते असं नाही. पण पुढच्यापैकी काही लागू असेल तर डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढा: मधुमेह, विशेषतः दहा-पंधरा वर्षांचा, मूत्रपिंडाचा आजार, जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं, तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसणं, पक्षाघात होऊन गेलेला असणं, सकाळी गोळी घेण्याआधीचं बीपी सतत १३५/८५च्या वर असणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं. दिवसाचे आकडे चांगले असूनही इको किंवा ईसीजीत हृदयावर ताण दिसत असेल, तर ही तपासणी टाळूच नये.

गरोदरपणात रात्रीचा दाब न उतरणं हे वेगळ्या धोक्याचं लक्षण असू शकतं. तिथे घरचे प्रयोग नकोत, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोजायचं कशानं

खात्रीची पद्धत म्हणजे २४ तासांचं अँब्युलेटरी बीपी मॉनिटरिंग. लोक याला ‘बीपीचं होल्टर’ म्हणतात. चिठ्ठीवर नुसतं ‘होल्टर’ लिहिलेलं असेल तर खुलासा करून घ्या, कारण साधं होल्टर म्हणजे २४ तासांचा ईसीजी. त्यात ठोक्यांची लय कळते, दाब कळत नाही. दोन्ही यंत्रं कमरेला लावायची असल्यामुळे घोळ होतो आणि चुकीची तपासणी करून माणूस घरी येतो.

दुसरा पर्याय म्हणजे ठरवलेल्या वेळी झोपेत आपोआप फुगणारं घरगुती मशीन. जपानमध्ये ही पद्धत रुळली आहे आणि तिथे साधारण पहाटे २, ३ आणि ४ वाजताची मोजमापं घेतात. मशीन प्रमाणित असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो. मात्र गजर लावून उठायचं आणि साध्या मशीनवर बीपी घ्यायचं, हे करू नका. तो आकडा झोपेतला नसतो. गजराने दचकून जागं झालेल्या माणसाचं ते बीपी असतं.

साधं मशीनच हाताशी असेल तर त्याचा एक अप्रत्यक्ष उपयोग होतो. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. मग एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. झोपण्याआधीही तसंच. सात दिवस असं करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. सकाळची सरासरी संध्याकाळपेक्षा ठळक जास्त असेल, तर रात्री किंवा पहाटे दाब चढत असावा, किंवा गोळीचा असर २४ तास पुरत नसावा.

मशीन लावण्याचा दिवस

नेहमीचा दिवस निवडा. लग्नकार्य, प्रवास, एकादशीचा उपास, ताप असलेला दिवस नको. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर गोळ्या नेहमीच्या वेळीच घ्या. आपल्याला बघायचं आहे ते औषधासकट चालणारं रोजचं आयुष्य.

लावण्याआधी दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा. वरच्या आकड्यात १० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर जास्त आकडा येणाऱ्या हाताला कफ लावतात. फरक नसेल तर कमी वापराच्या, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या, हाताला. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात वापरायचा नाही. हे तंत्रज्ञाला विचारायला सुचेलच असं नाही, आपणच सांगावं.

कफचं माप हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा. २२ ते ३२ सेंमीला साधारणपणे मध्यम कफ चालतो, ३२ ते ४२ला मोठा लागतो. नेमकी मर्यादा कफवरच छापलेली असते. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो, आणि औषध विनाकारण वाढवलं जातं. कफची खालची कड कोपराच्या वळणाच्या दोन-तीन सेंमी वर, खूण आतल्या बाजूच्या धमनीवर, आणि कफखाली दोन बोटं जेमतेम सरकतील इतका घट्टपणा. नळी वरच्या दिशेने, खांद्यावरून मानेमागे घेऊन कमरेच्या यंत्रापर्यंत आणतात. खाली सोडली तर ती झोपेत अंगाखाली दबते.

कपड्यांचा विचार आदल्या दिवशीच करा. घट्ट बाहीचा ब्लाउज किंवा वर गुंडाळलेली शर्टाची बाही कफच्या वर आवळलेल्या दोरीसारखी बसते आणि मोजमाप बिघडवते. बिनबाह्यांचं बनियन किंवा सैल ब्लाउज आत आणि त्यावर ढगळ सदरा किंवा गाऊन, हे सगळ्यात सोयीचं. आंघोळ उरकूनच जा, कारण पुढचे २४ तास यंत्र भिजवता येत नाही.

यंत्र दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री साधारण दर ३० मिनिटांनी फुगतं. निघण्याआधी एकदा तिथेच फुगवून आकडा येतो का ते पाहा. आवाज आणि आकडा दाखवणारा पडदा बंद ठेवायला सांगा. दर वेळी आकडा दिसत राहिला की माणूस त्याचीच वाट बघतो, आणि त्या काळजीनेच पुढचा आकडा चढतो.

२४ तासांत काय करायचं

कफ फुगू लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवा, बोलू नका. चालत असाल तर थांबा. लोकलच्या गर्दीत दांडी धरलेला हात, खड्ड्यांतून जाणारी रिक्षा, दुचाकीचं हँडल, या सगळ्यांत यंत्र चुकतं, दोन मिनिटांनी पुन्हा फुगतं आणि दंड दुखायला लागतो. शक्य असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

झोपताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कुशीवर झोपून कफचा हात वरच्या बाजूला आला तर तो हृदयाच्या पातळीच्या वर जातो. दर सेंटिमीटरला दाब साधारण ०.८ने कमी दिसतो, म्हणजे हात १२ सेंमी वर असला तर आकडा नऊ-साडेनऊने खोटा उतरतो. रात्रभर एकाच अवस्थेत झोपणं कुणालाच जमत नाही, तसा आग्रहही नाही. निदान सुरुवात उताणं झोपून करा आणि कफच्या दंडाखाली पातळ घडी घातलेला टॉवेल ठेवा. कफचा हात अंगाखाली घेऊन झोपू नका.

डायरी ठेवा. मोठं लेखन नको, फक्त वेळा लिहा: दिवा घालवून पडलो ती वेळ, झोप लागल्याचा अंदाज, रात्री लघवीला किती वाजता उठलो, सकाळी कधी जागे झालो, गोळ्या कधी घेतल्या, दम लागला किंवा चक्कर आली ती वेळ. आणि दुपारची वामकुक्षी. जेवून तासभर डोळा लागला तर तेवढ्या वेळातले आकडे उतरलेले असतात. ते ‘दिवसा’त धरले गेले की दिवसाची सरासरी खाली येते आणि रात्रीचा उतार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. आपल्याकडे घरोघरी दुपारी आडवं व्हायची सवय आहे, त्यामुळे ही नोंद नसेल तर रिपोर्टवर भरवसा ठेवणं अवघड होतं.

रात्रपाळी करणारे, म्हणजे परिचारिका, चालक, सुरक्षारक्षक, परदेशी वेळेप्रमाणे काम करणारे आयटीवाले, यांची ‘रात्र’ म्हणजे त्यांची झोपेची वेळ, मग ती सकाळी दहाची का असेना.

पक्षाघात किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर दंडावर लालसर ठिपके उठू शकतात. ते चार-पाच दिवसांत जातात. हात निळा पडला किंवा बधिर झाला तर मात्र कफ काढून टाका आणि केंद्राला कळवा.

रिपोर्ट वाचताना

आधी पहिल्या पानावरचा सरासरीचा तक्ता बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासा. घेतलेल्या मोजमापांपैकी निदान ७० टक्के यशस्वी आहेत का? दिवसाची किमान २० आणि झोपेतली किमान ७ वैध मोजमापं आहेत का? आणि रिपोर्टमध्ये ‘रात्र’ म्हणून कोणत्या वेळा धरल्या आहेत?

तिसऱ्या प्रश्नात बरेच रिपोर्ट नापास होतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘रात्री १० ते सकाळी ६’ असं आधीच भरलेलं असतं आणि ते कोणी बदलत नाही. समजा, माणूस बारा वाजता झोपला आणि सहाला उठला. दर अर्ध्या तासाने एक, म्हणजे आठ तासांत १६ मोजमापं. त्यातली पहिली चार जागेपणी टीव्हीसमोरची, सरासरी १३६. उरलेली १२ खऱ्या झोपेतली, सरासरी ११८. सॉफ्टवेअर सगळी एकत्र करून रात्रीची सरासरी १२२.५ काढतं. दिवसाची सरासरी १३६ असेल तर उतार ९.९ टक्के दिसतो आणि शेरा येतो: ‘नॉन-डिपर’, म्हणजे रात्री दाब पुरेसा न उतरणारा, शिवाय रात्रीचं बीपी जास्त, म्हणजे १२०च्या वर. खऱ्या झोपेचे आकडे घेतले तर उतार १३.२ टक्के आहे आणि रात्रीचं बीपी मर्यादेत आहे. औषध वाढवण्याची गरजच नव्हती. म्हणून डायरी सोबत द्या आणि झोपेच्या खऱ्या वेळा भरून रिपोर्ट पुन्हा काढून मागा. त्याला पाच मिनिटं लागतात. डायरी हरवली असेल तर रात्री १ ते सकाळी ६ ही झोप आणि सकाळी ९ ते रात्री ९ हा दिवस धरून मधले संक्रमणाचे तास सोडून देतात.

आता मर्यादा. युरोपीय तज्ज्ञसंस्थांच्या निकषांनुसार २४ तासांची सरासरी १३०/८०, जागेपणीची १३५/८५ आणि झोपेतली १२०/७० किंवा त्याहून जास्त असेल तर ते उच्च रक्तदाबात मोडतं. अमेरिकेच्या २०१७च्या निकषांत झोपेची मर्यादा आणखी खाली, ११०/६५ आहे. भारतात बहुतेक डॉक्टर १२०/७० धरतात.

उतार काढायचा तो असा: दिवसाच्या वरच्या आकड्यातून रात्रीचा वरचा आकडा वजा करा, दिवसाच्या आकड्याने भागा, १००ने गुणा. दिवस १४२ आणि रात्र १३६ असेल तर ६ भागिले १४२, म्हणजे ४.२ टक्के.

१० ते २० टक्के उतार असेल तर ‘डिपर’, दहाच्या आत ‘नॉन-डिपर’, रात्रीचा दाब दिवसापेक्षाही जास्त असेल तर ‘रिव्हर्स डिपर’ किंवा ‘रायझर’, आणि वीसच्या पुढे ‘एक्स्ट्रीम डिपर’. डिपर आणि नॉन-डिपर ही नावं १९८८पासून वापरात आहेत. जपानमधल्या ओहासामा इथल्या पाहणीत रात्रीचा उतार दर ५ टक्क्यांनी कमी होत गेला तसा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. ‘रायझर’ गटाला सगळ्यात जास्त जपावं लागतं. अशांमध्ये हृदय कमजोर होण्याचा धोका विशेष असतो.

तरीही या नावांना चिकटून बसू नये. तीच व्यक्ती, तेच औषध, दोन आठवड्यांनी पुन्हा मशीन लावलं तर ‘नॉन-डिपर’चा ‘डिपर’ झालेला अनेकदा दिसतो. एका रात्रीची मोडलेली झोपही टक्केवारी बदलते. रात्रीची सरासरी त्या मानाने स्थिर असते. दिवस १२८/७८ आणि रात्र १२६/७४ असा रिपोर्ट असेल तर दवाखान्यात हा माणूस ‘नॉर्मल’च दिसणार. पण त्याला फक्त रात्रीचा उच्च रक्तदाब आहे, आणि तो उपचारायोग्य आहे. उलट दिवस ११८ आणि रात्र १०८ असेल तर उतार ८.५ टक्केच, म्हणजे शेरा ‘नॉन-डिपर’. पण रात्रीचा दाब मर्यादेत असल्याने नुसत्या शेऱ्यावरून घाबरायचं कारण नाही. आमचा आग्रह एवढाच की आधी झोपेतली सरासरी पाहा, मग टक्के.

दिवस १५६, रात्र १२० म्हणजे २३ टक्के उतार. वयस्क माणसात, आणि रात्री तीन गोळ्या एकदम घेणाऱ्यात, हा जास्तीचा उतार मेंदूच्या आणि डोळ्याच्या नसेच्या रक्तपुरवठ्याला बाधक ठरू शकतो. काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांनाही हा रिपोर्ट दाखवा.

दाब उतरत नाही, तो का

कारण शोधल्याशिवाय गोळी वाढवणं म्हणजे गळक्या छपराखाली आणखी एक बादली ठेवणं.

सगळ्यात मोठं कारण मीठ आणि मूत्रपिंड. दिवसा खाल्लेलं मीठ मूत्रपिंडाला दिवसा बाहेर टाकता आलं नाही, तर शरीर रात्री दाब चढा ठेवून ते काम पुरं करतं. म्हणूनच रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आणि रात्रीचं बीपी न उतरणं ही जोडी वारंवार सोबत दिसते. पुरुषांमध्ये सगळं प्रोस्टेटवर ढकललं जातं, पण प्रत्येक वेळी भरपूर लघवी होत असेल तर मिठाचा आणि बीपीचा विचार आधी करा. थोडी-थोडी, अडखळत होत असेल तर प्रोस्टेटचा. मीठ कमी केल्यावर आणि पाण्याची गोळी (लघवी वाढवणारं औषध) दिल्यावर न उतरणारा दाब उतरू लागतो, हे जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकातच दाखवून दिलं आहे.

मीठ मोजायची सोपी रीत: दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. महिनाभरात संपत असेल तर लोणचं, पापड, फरसाण, भडंग, खारी, पाव यांतलं मीठ न धरताच तुम्ही दीडपटीच्या वर आहात. कोकणात सुकट-बोंबील न धुता, न भिजवता केले तर एका जेवणातच दिवसाचं मीठ होतं. सैंधवातही सोडियम असतं, उपासाचं मीठ म्हणून ते निर्धोक होत नाही. पापडखार, खायचा सोडा, पाण्यात फसफसणाऱ्या ॲसिडिटीच्या पुड्या यांचाही हिशोब धरा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

दुसरं कारण झोपेतला श्वासरोध. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा सेकंद, वीस सेकंद काहीच नाही, मग मोठा फुस्कारा टाकून श्वास सुरू होतो. झोपणाऱ्याला याचा पत्ता नसतो; शेजारी झोपणाऱ्याला विचारा, किंवा मोबाइलवर रात्री अर्धा तास आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येक अडथळ्यात प्राणवायू घटतो आणि दाब उसळी मारतो. सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलक्या, मान ४० सेंमीहून जाड, ही सोबतची लक्षणं. स्लीप स्टडीत तासाला ५च्या वर अडथळे म्हणजे सौम्य, १५च्या वर मध्यम, ३०च्या वर तीव्र. सीपॅप मशीनने, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राने, बीपीत होणारी सरासरी घट थोडकीच असते, पण तीन-चार गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत आणि मशीन रात्रभर लावणाऱ्यांत फायदा जास्त मिळतो. वजन उतरवणं त्यासोबत हवंच.

बाकीची कारणं थोडक्यात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारखी गोळी, स्टेरॉइड, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या. रात्रीची दारू, जी सुरुवातीला दाब उतरवते आणि सकाळकडे चढवते. जुन्या मधुमेहात किंवा पार्किन्सनमध्ये स्वायत्त नसांचा बिघाड. अशांचं बीपी झोपल्यावर चढतं आणि उभं राहिल्यावर कोसळतं. त्यांचं बीपी झोपून आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी घेतलंच पाहिजे. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर औषधांची मांडणी वेगळी करावी लागते.

तपासण्यांत क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर हवं. ते ३०च्या आत असावं. बीपी हट्टी असेल किंवा पोटॅशियम कमी येत असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिन या संप्रेरकांच्या तपासणीबद्दल विचारा.

हृदयावर काय परिणाम झाला, ते इकोत कसं दिसतं

रात्रंदिवस चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून डाव्या जवनिकेचा, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याचा, स्नायू जाड होतो. व्यायामशाळेतल्या दंडासारखी ही ताकद नसते. जाड भिंत ताठर होते, दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैलावत नाही, आणि त्यामुळे रक्त आत यायला जास्त दाब लागतो. तो दाब मागे डाव्या कर्णिकेवर, म्हणजे वरच्या कप्प्यावर, येतो, ती फुगते, तिथून ठोक्यांची अनियमितता सुरू होऊ शकते, आणि आणखी मागे फुप्फुसांत रक्त तुंबून दम लागतो. रात्री आडवं पडल्यावर पायांतलं पाणी छातीकडे परततं, म्हणून हा दम रात्री जास्त जाणवतो.

‘ईएफ ६० टक्के आहे, म्हणजे हृदय उत्तम’ हे घरोघरी ऐकू येतं, आणि इथेच फसगत होते. ईएफ म्हणजे जवनिका भरल्यावर त्यातलं किती रक्त बाहेर टाकते. ती किती अवघडून भरते हे त्यात कळत नाही. ईएफ ५० टक्क्यांच्या वर असूनही हृदय निकामी होण्याची सगळी लक्षणं असू शकतात.

रिपोर्टमध्ये बोट ठेवून पुढच्या ओळी शोधा. दोन जवनिकांमधल्या पडद्याची आणि मागच्या भिंतीची जाडी: पुरुषांत १० मिमीपर्यंत, स्त्रियांत ९ मिमीपर्यंत ठीक, १२-१३ असेल तर भिंत जाड झाली आहे. जवनिकेचं वस्तुमान अंगाच्या आकारमानानुसार: पुरुषांत ११५, स्त्रियांत ९५च्या वर असेल तर जास्त. डाव्या कर्णिकेचं आकारमान दर चौरस मीटरला ३४ मिलीच्या वर म्हणजे वाढलेलं. मग ई आणि ई-प्राइम. पहिला रक्त आत येण्याचा वेग, दुसरा स्नायू सैलावण्याचा. ई ८० आणि ई-प्राइम ५ असेल तर गुणोत्तर १६. सरासरी १४च्या वर म्हणजे आतला दाब चढा असण्याची शक्यता. ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ हा शेरा साठीनंतर फार जणांच्या रिपोर्टमध्ये असतो. भिंत जाड नसेल, कर्णिका वाढलेली नसेल आणि दम लागत नसेल तर एवढ्याने झोप उडवून घेऊ नये. पण त्याच शेऱ्यासोबत १३ मिमीचा पडदा आणि ४० मिलीची कर्णिका असेल तर तो गंभीरपणे घ्यावा.

इको करताना त्या क्षणीचं बीपी रिपोर्टवर लिहून मागा. १७०वर केलेला आणि १३०वर केलेला इको यांची तुलना करता येत नाही. दम लागत असेल आणि इकोवरून उलगडा होत नसेल तर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी मदतीला येते.

औषध: रात्री घ्यावं का

काही वर्षांपूर्वी ‘बीपीची गोळी झोपतानाच घ्या, मृत्यू निम्म्यावर येतात’ असं सगळीकडे पसरलं. एका स्पॅनिश अभ्यासाचा तो आधार होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. २०२२मध्ये ब्रिटनमधल्या ‘टाइम’ अभ्यासाचे निष्कर्ष आले: २१,१०४ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा, आणि सकाळी घेणारे व रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूत फरक नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी रात्री घ्यावी असं नाही, आणि रात्री घेतली तर अपायही नाही. विसर न पडणारी वेळ सगळ्यात चांगली.

वेळेपेक्षा औषध किती तास टिकतं हे महत्त्वाचं. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही लांब पल्ल्याची औषधं आहेत, रात्रभर पुरतात. दिवसातून एकदाच घेतलेलं ॲटेनोलॉल किंवा लोसार्टन काहींना पहाटेपर्यंत पुरत नाही. तुमचं औषध कोणतं आणि ते २४ तास पुरतं का, हा प्रश्न रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांना विचारा. न उतरणाऱ्या दाबात पाण्याच्या गोळीचा वाटा मोठा आहे, पण ती सकाळीच घ्यायची. रात्री घेतली तर उठबस होऊन झोपच मोडते, आणि वयस्कांत अंधारात पडून खुबा मोडण्याचा धोका वाढतो. ती सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासा. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एखादी गोळी रात्री हलवली तर ती हलवावी. स्वतःहून सगळ्या गोळ्या झोपताना घेऊ नयेत.

रात्री दोन वाजता जाग आली, बीपी १७० दिसलं, म्हणून जास्तीची गोळी घेणं किंवा जिभेखाली निफेडिपिन फोडणं धोक्याचं आहे. दाब एकदम कोसळून पक्षाघात होऊ शकतो. लघवीला जाऊन या, पाठ टेकून बसा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मात्र छातीत दुखणं, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बसूनही श्वास न पुरणं यातलं काही असेल तर आकडा कितीही असो, १०८ला फोन करा.

दोन उशांवरून तीन उशांवर जावं लागणं, झोपल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून खिडकीपाशी जावंसं वाटणं, घोट्यांवर बोट दाबल्यावर खड्डा राहणं, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं ही हृदय कमजोर पडून शरीरात पाणी साठत असल्याची खूण आहे. यासाठी पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

पुन्हा तपासणी कधी

औषध किंवा सीपॅप बदलल्यावर बीपीचं मशीन साधारण दोन महिन्यांनी पुन्हा लावतात, शक्य तर त्याच केंद्रात आणि आठवड्याच्या तशाच वाराला. पहिलं कामाच्या दिवशी लावलं असेल तर दुसरं रविवारी नको. दोन्ही रिपोर्टमधल्या झोपेच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी लिहा. इकोची घाई करू नका. जाड झालेली भिंत कमी व्हायला महिनोन्महिने जातात, आणि तीन महिन्यांत १३चे १२ झाले तर तो मोजणाऱ्या हाताचा फरकही असू शकतो. नवी लक्षणं नसतील तर वर्षाने, त्याच ठिकाणी करा, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तपासणाऱ्याला त्याच जागी कर्सर ठेवून मोजता येईल.